बाकोबाचा शर्ट

देशाच्या फुटबॉल संघाचे कपडे धुणाऱ्या बाईला सगळे मावशी म्हणत. तिची खोली स्टेडियमच्या पायऱ्यांखाली. एक मशीन, सिमेंटची टाकी, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेल्या दोऱ्या आणि कपडे वाळवायचं एक यंत्र. ते केव्हाच बंद पडलेलं. मावशी आता त्यावर चहाचा कप ठेवी. संघाकडे शर्टांचा एकच संच होता. म्हणून सामना संपल्यावर शर्टांची अदलाबदल करायला आपल्या खेळाडूंना बंदी. समोरचा नावाजलेला गडी प्रेमाने शर्ट काढून द्यायला आला, की आपला गडी हात जोडून मागे सरे. लोक म्हणत, काय हे विनयी खेळाडू!

हरणं संघाच्या अंगवळणी पडलं होतं. मावशीचा मात्र एक नेम होता. हरलेल्या दिवसाचे शर्ट तसेच पडू द्यायचे नाहीत. पाठ टेकण्याआधी ते दोरीवर गेले पाहिजेत. जिंकल्यावर राहिले तर राहिले. तशी वेळ फारशी आली नाही, ही गोष्ट वेगळी.

या नेमानेच घोळ केला. या हरणाऱ्या संघावर कोणी माहितीपट काढत होतं. दिग्दर्शिका तरुण, डोळ्यांत झोप साचलेली. परवाच्या पराभवाचा चिखल कॅमेऱ्यात टिपायचा तिच्या हातून राहून गेला होता आणि पुढचा सामना आजच संध्याकाळी होता. सकाळीच ती कॅमेरा घेऊन खोलीत आली.

"मावशी, मळके शर्ट धुणारे तुमचे हात हवेत. फिल्मचा जीव आहे त्यात."

"परवाच धुतले. आज घालायचेत ते."

"थोडे मळवले तर?"

मावशीने दुखऱ्या मनगटावरचा पट्टा आवळला. "धुतलेलं मळवायचं आणि पुन्हा धुवायचं? एवढी हौस मला माझ्या लग्नातसुद्धा नव्हती."

मॅनेजर धावत आला. "जगभर दाखवणार आहेत. पाहुण्यांचा मान राखा."

मावशीने दाराबाहेर पाहिलं. आभाळ गच्च भरलेलं, हवा दमट. शर्ट आत्ता भिजले तर संध्याकाळपर्यंत वाळणार नव्हते, आणि ओल्या शर्टांत अकरा जणांना मैदानात पाठवणं तिला जमणार नव्हतं. "मान राखते, शर्ट देणार नाही," ती म्हणाली. मॅनेजरला तिने नाही म्हणण्याची ही पहिलीच खेप.

"माझा घ्या," दारातून आवाज आला.

तो राखीव गोलकीपर होता. कानशिलं पांढरी व्हायला लागली, तरी एकदाही मैदानात उतरला नव्हता. सगळे त्याला बाकोबा म्हणत; बाकावरचा देव, नवसाला न पावणारा.

"वाळला नाही तरी कुणाचं अडतंय, मावशी?"

मावशीने त्याचा शर्ट दोरीवरून काढून दिला. इतकी वर्षं तो धूत आली होती, पण चिखलाचा डाग त्यावर कधी पाहिला नव्हता. बाकोबाने तो अंगात चढवला आणि गोलपाशी गेला. चेंडू नव्हता, मारणारा नव्हता. तरी तो डावीकडे झेपावला, उजवीकडे झेपावला, उठला, पुन्हा पडला.

"पुरे, खूप मळला!" दिग्दर्शिका ओरडली.

"अजून एकदा," तो धापा टाकत म्हणाला.

मग मावशीने शर्ट घासला. कॅमेऱ्याला एकदा डावीकडून हवं होतं, एकदा वरून. मनगट ठणकून आलं. त्या शर्टाच्या कोपरांत जाड स्पंज शिवलेला. कितीही पिळलं तरी पाणी सुटेना.

संध्याकाळी बाकोबा बाकावर बसला, तो जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढून. आत काहीच नव्हतं. गोलकीपरला वेगळ्या रंगाचा शर्ट लागतो, त्यामुळे दुसऱ्या कुणाचा चाललाही नसता. एरवी सामन्याच्या वेळी खोलीत पाय पसरून पडणारी मावशी आज बाकावर त्याच्या शेजारी बसली होती. इस्त्री फिरवफिरवून आणलेला शर्ट तिच्या मांडीवर होता. पहिला गोलकीपर जमिनीवर पडला, की तिचा जीव खालीवर होई. आपण हट्टाने अकरा वाचवले, बारावा ओला केला. याला आज बोलावलं तर?

उत्तरार्धात गोलकीपर कुणावर तरी आदळला आणि उठेना. प्रशिक्षकाने मागे वळून पाहिलं.

बाकोबा उभा राहिला. जाकीट खाली पडलं.

"गार आहे रे," मावशी शर्ट पुढे करत म्हणाली.

"असू दे. द्या लवकर!"

त्याने एक हात बाहीत घातला. तेवढ्यात मैदानात टाळ्या पडल्या. गोलकीपर गुडघा चोळत उठला होता, ठीक आहे म्हणून हात हलवत होता. प्रशिक्षक पुन्हा पुढे बघू लागला. कॅमेराही तिकडेच होता.

बाकोबा तसाच उभा राहिला, एक हात शर्टात, एक बाहेर. मग त्याने हात काढून घेतला आणि शर्ट नीट घडी करून मावशीला दिला.

"कोपराशी ओला होता ना?" मावशीने विचारलं.

"चिंब."

"मग झालं ते बरंच झालं."

"हो," तो म्हणाला. जाकीट उचलून त्याने चेन गळ्यापर्यंत ओढली. मावशीने बाकावर त्याच्यासाठी जागा केली.