एका ब्लाउजचं कापड

"ह्यो कितीदा मरतलो, ता आधी सांगा."

गळ्यात टेप, कानामागे खडूचा तुकडा, अशा थाटात आमचे ड्रेसदादा दिग्दर्शकासमोर उभे राहून विचारायचे. हा किती वेळा मरणार? नवीन माणूस दचकायचा. आम्हाला सवय होती. मालिकेत कुणाला गोळी लागणार असली की खोट्या रक्ताने शर्ट खराब होतो. टेक फसला तर पुढच्या टेकला तसाच कोरा शर्ट लागतो. म्हणजे माणूस जितक्यांदा मरणार, तितक्या शर्टांचं कापड आणायचं. हिशेब सरळ होता.

"एकदाच मारू, दादा. वन टेक," दिग्दर्शक म्हणायचा.

"तुमी एकदा म्हणता आणि पाचदा मारता." असं म्हणून दादा पाच शर्टांचं कापड आणायचे, आणि वर एकाचं. शेवटचा टेक ओके झाला की उरलेला शर्ट हँगरला लावून त्याची कॉलर सारखी करत म्हणायचे, "ह्यो वाचलो."

मी तेव्हा गोरेगावच्या एका स्टुडिओत रोजच्या मालिकेची कंटिन्यूइटी सांभाळत होते. काल नायिकेचं कुंकू केवढं होतं, बांगड्या कुठल्या हातात किती होत्या, हे लक्षात ठेवायचं काम. डोक्याला ताप आणि मानाच्या नावाने ठणठणाट. दादा कपडेपट बघायचे. कालचं आज तसंच्या तसं दिसलं पाहिजे, ही काळजी दोघांनाही, म्हणून आमचं जमायचं. मला ते 'बाय' म्हणायचे आणि चुकले तर मुलीसारखं झापायचे.

कापडाच्या बाबतीत त्यांचा एक नेम होता. घ्यायचं ते एकदाच आणि एकाच थानातलं, म्हणजे एकाच ताग्यातलं. "थान संपला की तो रंग गेलो. दुसऱ्या थानातलो हिरवो तुझ्या डोळ्यांक हिरवोच दिसता गो, पण लायटीत चुगली करता." त्यामुळे बाजारात जायच्या आधी ते लेखकाला गाठायचे आणि पुढची गोष्ट काढून घ्यायचे. कोण राहणार, कोण जाणार, कुणाचं लग्न, कुणाचा अपघात. कापड त्या बेताने यायचं.

हे कलाकारांना कळायला किती वेळ लागणार? दादा मालाडच्या मार्केटातून आले की त्यांच्या पिशवीत डोकावायला गर्दी व्हायची. नव्या सुनेसाठी चार ब्लाउजांचं आणलं तर सून टिकली. एकाचं आणलं तर तिने दुसरं काम शोधावं. चॅनेलवाले काय ते नंतर कळवायचे, पिशवी आधी सांगायची.

नायिकेच्या धाकट्या बहिणीचं काम करणारी एक पोर होती. साताऱ्याकडची, मोठ्या आशेने आलेली. एकदा तिने पिशवीत आपल्यासाठी एकाच ड्रेसचं कापड बघितलं आणि तिचा चेहरा उतरला.

"दादा, मला काढतायत ना? खरं सांगा."

"नाय गो बाय. दुकानात कापड संपला."

पोरीला बिचारीला ते पटलं. हसत हसत मेकअपला जाऊन बसली. पंधरवड्यात मढच्या समुद्रात तिचं पात्र बुडवण्यात आलं. तेव्हापासून युनिटमध्ये तो शब्दच पडून गेला. कुणाचं काम जाणार असलं की स्पॉटबॉयसुद्धा म्हणायचे, "त्याचं कापड संपलं." आम्ही फार हसायचो. टीव्हीच्या धंद्यात माणूस असल्याच गोष्टींवर हसायला शिकतो.

दादा हे सगळं संध्याकाळी घरी जाऊन बायकोला सांगायचे. गोरेगाव पूर्वेला टेकडीच्या अंगाला एका चाळीत त्यांची खोली होती. मूलबाळ नव्हतं. वहिनी अंगाने भरलेल्या, हसल्या की आख्ख्या हलायच्या. हुक लावणं, काजं करणं, साडीला फॉल लावणं, ही दादांनी घरी आणलेली कामं त्या जेवण उरकून करत बसायच्या आणि कोण मेलं, कोण वाचलं याची खबर घ्यायच्या. साताऱ्याच्या पोरीची गोष्ट ऐकून त्यांनी दादांना चांगलं फैलावर घेतलं होतं. "खोटा कित्याक सांगलात? तिका आधी कळला असता तर तयारी करूक गावली असती."

स्वतः वहिनींना कापडाची हौस दांडगी. एखादा रंग आवडला की दादा तीन ब्लाउजांचं कापड घ्यायचे, कधी दोनाचं नाही, कधी चाराचं नाही. एक शिवायचे, बाकीचं पेटीत. "एक आजचो, दोन फुडचे," असं त्यांचं ठरलेलं वाक्य. ती पेटी मी बघितली आहे. झाकण लागायचं नाही, वर बसावं लागायचं.

मग वहिनींच्या पोटात दुखायला लागलं. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी दादांना एकट्याला आत बोलावलं. आपल्याकडे असली बातमी पेशंट सोडून सगळ्यांना सांगायची रीत आहे. दुसऱ्या दिवशी दादांनी आम्हाला कपडेपटाच्या खोलीत जमवलं. वहिनी पावसाळा काढतील असं धरू नका, असं डॉक्टर म्हणाले होते.

"तिका अल्सर हां असा सांगलंय," दादा म्हणाले. "कोणी काय बोलूचा नाय. तिका कळला तर ती आजच मरतली."

आम्ही कोण बोलणार? रोज खोटं बोलून पोट भरणारी माणसं आम्ही. भेटायला गेलो की एकेक जण अल्सरवर घरगुती उपाय सांगायचा. सासूचं काम करणाऱ्या बाई तर इतकं छान बोलल्या, की बाहेर येऊन चपला घालताना त्यांना रडू आवरेना. दादांना एवढीच एक गोष्ट हवी होती. वहिनींनी शेवटपर्यंत धाकधुकीशिवाय जगावं. त्यासाठी ते घरी शीळ घालत फिरायचे, ज्यांनी जन्मात कधी शीळ घातली नव्हती.

वैशाखात वहिनींच्या भाचीचं लग्न होतं. त्यांनी शेवाळी हिरवा ब्लाउज मागितला. त्या दिवशी मालिकेचं कापड घ्यायला मी दादांबरोबर मालाडला होते. आमची खरेदी आटोपली आणि दुकानदाराने हिरवं थान उलगडलं. दादांची सवय त्याला पाठ. दादांनी सांगायच्या आतच त्याने तीन ब्लाउजांचं मोजून कात्री हातात घेतली होती.

"तीन का ना, दादा? हमेशा का?"

"एक," दादा म्हणाले.

दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. मी दादांकडे. दादा वरच्या ट्यूबलाइटकडे बघत होते. कात्री मागे सरकली आणि कापड फाटल्याचा आवाज आला.

मला अजूनही वाटतं, त्यांनी ते ठरवून केलं नाही. आयुष्यभर ज्या हिशेबाने कापड घेतलं, तोच हिशेब तोंडातून निघून गेला. माणूस जेवढा उरलाय, तेवढं कापड.

दुसऱ्या दिवशी मढच्या बंगल्यात शूटिंग होतं. मालिकेतलं लग्न. व्हरांड्यात दादा शेल्याला इस्त्री करत होते. मान वर न करता त्यांनी मला सांगितलं.

आदल्या रात्री वहिनींनी पुडी सोडली होती. कापड हातात घेतलं, खांद्यापासून बोटापर्यंत धरून बघितलं.

"एकाचाच?"

"दुकानात कापड संपला."

दादा मला म्हणाले, "जीभ सांगत होती गो, आणि तेव्हाच माका कळला, आपण काय बोललंव ता."

वहिनींनी कापडाची घडी केली. पहिली होती तशीच, घडीवर घडी. मग म्हणाल्या, "असाच तुमी त्या पोरीक सांगलात ना?"

दादांनी गळ्यातला टेप काढून गुंडाळायला घेतला.

"मग माका कितक्या दिवसांची धरलात?"

एवढं सांगून दादा थांबले. इस्त्री एकाच जागी थांबली होती. करपल्याचा वास आला तेव्हा मीच ती उचलून बाजूला ठेवली. शेला गेला होता.

त्याच संध्याकाळी दादा परत मालाडला गेले. थान संपलं होतं. या वेळी खरोखरच संपलं होतं. सकाळी कुणीतरी उरलेलं सगळं घेऊन गेलं. मग ते बोरिवलीला गेले, घाटकोपरला गेले, दादर पालथं घातलं. खिशात त्या कापडाची चिंधी, आणि प्रत्येक दुकानात दारापर्यंत येऊन उजेडात रंग ताडून बघायचं. मिळणार नाही हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी हिंडले. शेवटी जवळपासचा हिरवा मिळाला, तो तीन ब्लाउजांचा आणला.

वहिनींनी तो खिडकीत नेऊन बघितला. "ह्यो वेगळो हां," म्हणाल्या. मग दादांचा चेहरा बघून त्यांना दया आली असावी. "ऱ्हवान दे. माका खय लायटीत जावचा हां?" आणि पेटीत ठेवून दिला.

पहिला हिरवा दादांनी शिवला. तो घालून वहिनी भाचीच्या लग्नात मिरवून आल्या. नंतर मी भेटायला गेले तर म्हणाल्या, "अल्सर हां गो माका, तिखट बंद केल्यानी." सरळ माझ्या डोळ्यांत बघून म्हणाल्या आणि हसल्या. मीही हसले. आता ते नाटक दोघं मिळून करत होते, आल्यागेल्यासाठी. फक्त दादांनी शीळ घालायचं सोडलं होतं.

श्रावणात वहिनी गेल्या.

मी पोचले तेव्हा चाळीतल्या बायका त्यांना तयार करत होत्या. सवाष्ण गेली म्हणून हिरवी साडी, हिरवा चुडा, मळवट भरलेला. ब्लाउज तोच, लग्नातला. पण वहिनी उरल्याच किती होत्या! ब्लाउज खांद्यावरून उतरत होता. एक शेजारीण म्हणाली, "ऱ्हवान दे, पदरान झाकात."

दादा बाहेरून आत आले. बायका बाजूला झाल्या. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून टाचण्यांची डबी काढली, वहिनींना आपल्या छातीवर टेकवून धरलं आणि ब्लाउज पाठीमागून घ्यायला लागले. एक टाचणी, मग दुसरी. सेटवर नटीचा ढगळ कपडा घेतात तसाच. तिथे ते नेहमी सांगायचे, मागून टाचलेलं समोरून दिसत नाही. वहिनींना टोचू नये म्हणून प्रत्येक टाचणीखाली ते स्वतःचं बोट धरत होते. बोटातून रक्त आलं, ते त्यांनी आपल्या लेंग्याला पुसलं.

मग वहिनींना नीट निजवलं, चार पावलं मागे सरकले, एक डोळा मिटून बघितलं आणि माझ्याकडे वळले.

"बरोबर हां, बाय?"

रोज शॉटच्या आधी ते मला हेच विचारायचे. ते उत्तरासाठी थांबले होते.

"ओके, दादा," मी म्हटलं.

त्यानंतर ते थोडे दिवस कामावर आले. मालिकेत पुन्हा एकाला गोळी लागायची होती. या वेळी त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. जाऊन आख्खं थान घेऊन आले आणि शर्ट शिवत सुटले. प्रॉडक्शन मॅनेजरने सगळ्यांसमोर आरडाओरडा केला. दादांनी ऐकून घेतलं. शूटिंगच्या दिवशी तो नट पहिल्याच टेकला मेला. बाकीचे शर्ट रांगेने हँगरवर तसेच कोरे राहिले. 'ह्यो वाचलो' म्हणायला कुणी आलं नाही.

महिनाअखेर दादा खोली सोडून गावी निघाले. स्टुडिओच्या गेटवर मला बोलावून त्यांनी वर्तमानपत्रात बांधलेली पुडी दिली. मी कागदाचा कोपरा उचलला. आतून हिरवं दिसलं. दुसरं हिरवं.

"दादा, मला कशाला?"

"ठेव. तीन ब्लाउजांचा हां." रिक्षात बसता बसता म्हणाले, "ह्या टायमाक दुकानात कापड होता गो."

पुडी मी कपाटात ठेवली आणि कामाच्या रगाड्यात विसरले. मध्यंतरी गावाहून निरोप आला, दादा गेले. अंगणात खुर्चीवर बसल्याबसल्या गेले म्हणे. मालिका कधीच बंद झाली होती, युनिट पांगलं होतं. ही बातमी सांगावी असं जवळ कुणी नव्हतं.

घरी येऊन मी पुडी सोडली. दारापर्यंत उजेडात नेऊन कापड उलगडलं आणि खांद्यापासून बोटापर्यंत धरून मोजलं. तीन ब्लाउज नीट होतात. वर वीतभर उरतं.