खरखरीसकट

जुन्या बाजारात मला इंग्लंडच्या एका रॉक बँडची पहिलीवहिली रेकॉर्ड सापडली, त्या काळी तुफान गाजलेली. मुखपृष्ठावर चार तरुण, सगळं जग आपलंच असल्यासारखे उभे. दुकानदार काकांनी सवयीने सुई शेवटच्या गाण्यावर टेकवली. "सुरुवातीची गाणी झिजतातच," ते म्हणाले, "शेवटचं कोरं निघतं."

पण तेही खरखरलं. काका ओशाळले. "दुसरी दाखवू?"

मी नको म्हटलं. एखादं गाणं गाजणं निराळं. कुणा अनोळखी घरात शेवटचं गाणं संपेपर्यंत सुई उचलावीशी न वाटणं, याला मी यश म्हणतो. आणि ते चौघे तर असे उभे होते, जणू त्यांना हे आधीच ठाऊक होतं.

"हीच द्या, काका. खरखरीसकट."