परीक्षेआधी दिलेलं पेन

ये, जवळ ये. दारात काय उभी राहतेस पाहुण्यासारखी? तीन महिन्यांनी आजीला तोंड दाखवतेस, तेही शाळेतल्या मॅडमनी चिठ्ठी देऊन पाठवलं म्हणून. बस इथं खाटेवर. आणि हे कानातले कुणाचे गं? तुझ्या मैत्रिणीनं, साक्षीनं दिले? तिच्या आवडीचे ना ते? आणि तू घालून मिरवतेस! का दिले, विचारलंस? नाही ना. मग आधी ऐक. शाळेत पोरापोरींपुढं मी जे बोलणार आहे, ते तुला आत्ताच सांगते.

बहात्तरचा दुष्काळ. तालुक्याच्या गावी मुलींचं बोर्डिंग होतं. मी तिथं झाडलोट करायची. वय असेल बावीस. नवऱ्यानं टाकलेली. एके सकाळी साठ मुली प्रार्थनेला ओळीत बसलेल्या, आणि बोर्डिंगच्या बाईंनी मला पुढं बोलावलं. हातात केरसुणी होती. ती खाली ठेवू दिली नाही.

"कान धर," बाई म्हणाल्या. "आणि म्हण, मी खोटं बोलले."

मी केरसुणी काखेत मारली. कान धरले. म्हटलं.

"मोठ्यानं. मागं ऐकू गेलं पाहिजे."

मोठ्यानं म्हटलं. पोरी खुदखुदल्या. एक हसली नाही. नववीतली शालन. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. ती खाली गेलेली मान मला अजून दिसते. पन्नास वर्षं झाली.

काय खोटं बोलले होते मी? सांगते.

शालन जामखेडकडची. आईबाप दुष्काळी कामावर खडी फोडत होते. मला स्वयंपाकघराचा उंबरा बंद होता. माझा कप कान तुटलेला, बाहेर खिडकीत पालथा असायचा, त्यात वरून चहा ओतायचे. शालन मात्र दुपारी पायरीवर मला खेटून बसायची. मला अक्षरं तिनं शिकवली. जमिनीवर, काडीनं.

"मावशी, तुमचा ळ आडवा पडलाय. उचला की त्याला," म्हणायची आणि स्वतःच हसत सुटायची.

तिचं हसणं हळूहळू कमी झालं. खायला मिळणारी सुकडीची वाटी धाकट्या पोरींना देऊन टाकायची. बोलता बोलता मध्येच गप्प व्हायची. मनगटावर ओरखडे दिसायला लागले. "बाभळीचं लागलं," म्हणाली. आठवड्यात तीनदा बाभळ लागते का कुणाला? पण मी विचारलं नाही. आणि मग एक दिवस तिनं तिचं पेन माझ्या हातात ठेवलं. शाईचं, हिरव्या टोपणाचं. मामानं दिलेलं. कुणाला हात लावू देत नसे.

"मावशी, हे तुमीच ठेवा. मला आता लागायचं न्हाई."

मी काय केलं असेल? हरखले! खरं सांगते, हरखले. जन्मात पहिल्यांदा कुणी मला पेन दिलं होतं. पदरात गुंडाळून घरी नेलं. भाकरी थापताना डोक्यात आलं, परीक्षा महिन्यावर आली आणि ही पोर पेन देऊन टाकते? लागायचं नाही म्हणजे काय? हातातलं पीठ हातातच राहिलं. भ्याले मी.

कारण मागल्या वर्षी त्याच बोर्डिंगातली एक पोर विहिरीत गेली होती. गावानं ठरवलं, साती आसरांनी ओढली. पाण्यातल्या देवींना कोवळी पोर हवी होती, नेली. बास. तिला काय दुखत होतं, ते कुणी कुणाला विचारलं नाही. जीव देण्याचं नाव काढलं की ते घडतं, असं समजायचे सगळे. मीही समजायची.

दुसऱ्या दिवशी भीतभीत बाईंकडं गेले. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "बाई, शालनचं काही खरं दिसत न्हाई. ती जिवाचं काही करून घेईल."

बाईंनी वहीतून मान वर केली नाही. "तुला केर काढायला ठेवलंय की मुलींची मनं वाचायला? पुन्हा हे तोंडातून काढलंस तर बघ. संस्थेचं नाव जाईल."

हे बोलणं शालनच्या कानावर गेलं. आणि त्याच्या दुसऱ्या सकाळी ते कान धरणं.

आता बघ. अपमान माझा झाला, तो मी गिळला असता. आम्हाला सवय होती. पण त्या दिवसापासून शालन पायरीवर यायची थांबली. तिचं दुखणं ओळखणारं एकच माणूस होतं, आणि त्या माणसानं साठजणींपुढं सांगितलं की ते खोटं आहे. पाणी भरताना हे मला कळलं आणि कळशी हातातून सुटली.

शुक्रवारी बाईंनी आसरांची पूजा ठेवली. सात आसरा म्हणून सात कुमारिका. खण, नारळ, दहीभात, ओटी भरून विहिरीच्या काठावर ठेवायची. दुष्काळात विहीर आटलेली, पण आदल्या दिवशीच टँकरनं तिच्यात पाणी सोडलेलं. बाईंनी सात पोरी निवडल्या आणि म्हणाल्या, "शालनला सगळ्यांत पुढं ठेवा. तिचं मन थाऱ्यावर नाही. देवीची दृष्ट उतरू दे."

ऐकलंस? म्हणजे बाईंना माझं पटलं होतं! पटलं होतं म्हणूनच तिला निवडली. खोटी ठरले फक्त मी. आणि जिला पाण्यापासून लांब ठेवायचं, तिलाच हातात ताट देऊन काठावर उभी केली.

विहिरीच्या ओट्यावर मला पाय ठेवायची बंदी होती. मी खाली उभी. नोकरी जाईल, मारतील, गावातून काढतील, सगळं डोळ्यांपुढं. शालन पूजेचं ताट घेऊन पुढं गेली. ताट ठेवलं. बाकीच्या मागं सरल्या. ती सरली नाही.

मी वर चढले. कशी चढले, देव जाणे. तिचं मनगट धरलं.

"विटाळ केलास! खाली उतर!" बाई ओरडल्या.

मी उतरले नाही. सगळ्यांदेखत विचारलं, "शालन, जीव द्यायचं मनात हाय का तुझ्या?"

एक पोर किंचाळली, "अगं बया, नाव काढलं हिनं!"

शालन माझ्याकडं वळली. मग एवढंच म्हणाली, "व्हय मावशी. लई दिवस झालं. तुमीच म्हनला की खोटं हाय."

"मी भ्याले गं," म्हणाले. "कान धरून बोलले तेच खोटं हुतं. चल, खाली चल. सगळं सांग मला."

ती माझ्या अंगावर कोसळली आणि रडली. सुटल्यासारखी. खाली आणून पायरीवर बसवली. रागावले नाही, शहाणपण शिकवलं नाही, ऐकलं. घरून पत्र आलं होतं, परीक्षा झाली की लग्न. पण तेवढंच नव्हतं. असं एकच कधी नसतं. तिच्या आईला निरोप धाडला. ती येईपर्यंत पोरीला माझ्या घरी ठेवली, क्षणभर एकटी सोडली नाही. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांपुढं तिला मी आणि तिच्या आईनं नेलं. ती जगली. लगेच बरी झाली असं समजू नकोस. वर्षभर खालीवर चाललं. पण जगली.

मला त्याच संध्याकाळी काढलं. ओटा गोमूत्रानं धुतला.

पण पोरी गुपचूप बोर्डिंगच्या कुंपणापाशी यायला लागल्या. "मावशी, एक पोर जेवतच न्हाई, काय करू?" मी काट्यांच्या अलीकडून सांगायची. सरळ विचार. तोंडावर विचार. ती हो म्हणाली तर तिच्यापाशी बस, आणि कुणाला सांगू नको म्हणाली तरी मोठ्या माणसाला सांग. एकानं ऐकलं नाही तर दुसऱ्याकडं जा. मैत्रीण रुसली तर रुसू दे. रुसायला ती असली पाहिजे.

तुझ्या मॅडमनी चिठ्ठीत लिहिलंय, 'आत्महत्या' हा शब्द घेऊ नका, मुलांच्या डोक्यात भरेल. त्यांना सांग, विचारल्यानं ते कुणाच्या डोक्यात शिरत नाही. आत असलं तर त्याला बाहेर यायला वाट मिळते. मी येणार, आणि तो शब्द घेणार. बोलू देणार नसाल तर फाटकाबाहेर उभी राहून बोलेन. मी आजही घाबरते. पण कान पुन्हा धरणार नाही.

आता ऊठ. ते कानातले काढ, मुठीत घे आणि साक्षीकडं जा. उद्या नाही, आत्ता. मी विचारलं तसंच विचार. आवाज कापला तरी चालेल. हो म्हणाली तर तिचा हात सोडू नकोस, तिच्या आईला हाक मार, आणि मला फोन कर. नाही म्हणाली तरी दोघी इकडं या. मी चहा टाकते. लवकर ये गं. दार उघडंच ठेवते.