बशीर सरांच्या दोन फ्लॉप्या

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही. सांगायला लागलो की जीभ भलतीकडेच वळते, आणि मी कॉम्प्युटरवर बोलत सुटतो. आताही तसंच होणार बहुतेक. तेवढं सांभाळून घ्या.

मला मत देण्याची खोड होती. अंबडच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवायचो, पण गाव मला ओळखायचं ते कॉम्प्युटरवाले सर म्हणून. गावात पहिला घरगुती कॉम्प्युटर माझ्याकडे आला, तोही कंपनीचा, सीलबंद खोक्यातून. तेव्हापासून रविवारी सकाळी माझ्या ओट्यावर कुणी ना कुणी असायचंच. अंकुशनगरच्या साखर कारखान्यातले बाबू यायचे, शहागडचे हॉटेलवाले यायचे. कोणता घेऊ, कोणता नको? पुढे मोबाइल आले तेव्हाही तेच. मी चहाचा घोट घ्यायचो, जरा थांबायचो आणि निकाल द्यायचो. हा फोन दणकट पण मठ्ठ, तो देखणा पण बॅटरीला कच्चा. खरं सांगू? त्यातले निम्मे फोन मी हातातसुद्धा धरलेले नव्हते. मासिकात वाचायचो आणि स्वतःचा अनुभव म्हणून खपवायचो. पण कबुली द्यायची आहे ती याची नाही. हे तर किरकोळ आहे.

सुटे भाग आणून जोडलेल्या कॉम्प्युटरला तेव्हा असेंबल म्हणायचे. मी तो शब्द शिवीसारखा वापरायचो. एखादा पोरगा परीक्षेत आपटला की हा असेंबल आहे, असं मी स्टाफरूममध्ये म्हणायचो आणि सगळे हसायचे. बशीर सरही हसायचे. ते आमच्याकडे चित्रकला शिकवायचे. हळू बोलणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस. माझ्या प्रत्येक मतावर मान डोलवायचे. म्हणून त्यांनी मला न विचारता जालन्याहून असेंबल आणला, तेव्हा मला ते झोंबलं. हसण्यासारखं आहे ना? माणसानं स्वतःच्या घरी काय आणावं, याचा राग मला यावा?

त्यांनी तो आणला होता बायकोसाठी, जुबेदाभाभींसाठी. भाभी मराठी टायपिंग शिकल्या होत्या, आणि बशीर सरांची आई — सगळा मोहल्ला त्यांना अम्मा म्हणायचा — भाभींना आपलं आयुष्य सांगत होत्या. बोली अम्मांची दखनी, अक्षरं मराठी. अम्मा शहागडच्या, गोदाकाठच्या. बशीर सरांच्या आधी त्यांच्या तीन मुली जन्मल्या आणि गेल्या. बाळंतपणाच्या गोष्टी मुलासमोर कशा बोलणार? त्या सुनेला सांगायच्या. मुलाला ताकीद होती की हे माझ्या माघारी वाचायचं. बशीर सरांनी ती पाळली. वहीतही लिहून ठेवू का, असं भाभींनी एकदा मला विचारलं होतं. कागदाचे दिवस गेले, मशीनमध्ये टाकलेलं कुठं जात नसतं, असं मीच म्हणालो होतो.

त्या पावसाळ्यात भाभी काविळीनं गेल्या. अम्मांनी तो धक्का घेतला आणि अर्धांगानं त्यांची वाचा गेली. म्हणजे सांगणारी मुकी झाली, लिहिणारी मातीत गेली. राहिलं ते त्या असेंबलमध्ये.

आणि तो बिघडला. अडकून अडकून चालायला लागला, म्हणून जालन्याच्या दुकानदाराकडून त्यांनी विंडोज नव्यानं टाकून आणलं. घरी येऊन भाभींची फाइल नीट आहे का एवढंच बघायला उघडली, तर मराठीचं एक अक्षर नाही. इंग्रजी अक्षरं, कंस, स्वल्पविराम, सगळा काला. बशीर सर धावत माझ्याकडे आले. मी गेलो, खुर्चीवर बसलो, पडद्याकडे पाहिलं. मला काही कळलं नव्हतं. कळलं नाही, एवढं म्हणता आलं असतं की नाही? मी म्हणालो, व्हायरस. असेंबल आणला की हे व्हायचंच. आणि त्यांच्यादेखत सगळ्या डिस्कवर फॉरमॅट मारला. ते मागं उभे होते. काही उरंल का, असं त्यांनी एकदाच विचारलं.

इथपर्यंत ते अज्ञान होतं. इथं थांबलं असतं तर मी आज तुमच्यापुढे बसलोच नसतो.

थोड्याच दिवसांत शाळेत टाइप केलेली माझीच प्रश्नपत्रिका मी घरी आणून उघडली. तोच काला. तीच इंग्रजी अक्षरं, तेच कंस. माझ्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर! बराच वेळ खटपट केली आणि शाळेतला मराठी फाँट आणून टाकला, तर सगळी प्रश्नपत्रिका जशीच्या तशी समोर. व्हायरस नव्हताच कधी. विंडोज नव्यानं टाकताना फाँट गेला होता, एवढंच. फाइल आतून धडधाकट होती. ती मी पुसली होती.

तेव्हा वाईट वाटलं, हे खरं. पण लगेच दुसरा विचारही आला — आता काय, गेलं ते गेलं, कुणाला कळणार आहे?

आणि नेमके त्याच आठवड्यात बशीर सर दोन फ्लॉप्या घेऊन ओट्यावर आले. भाभींनी नक्कल करून कपड्यांच्या घडीत ठेवलेल्या, आता सापडलेल्या.  बघतो म्हणालो. ते गेल्यावर दार लावलं, फ्लॉपी घातली, फाँट निवडला.

सगळं होतं. अगदी सगळं. भाभींची एकही मात्रा चुकलेली नव्हती.

मी दोन पानं वाचली. तिसरी मुलगी गोदेला पूर आला असताना झाली. नावेतून शेजारची एक बाई सुईणीला घेऊन आली, म्हणून अम्मा वाचल्या. अम्मांनी पोरीचं नाव गोदा ठेवलं. नवऱ्याला ते चाललं नाही, घरात कुणी घेतलं नाही. पोर चारच दिवस जगली, अम्मा तिला एकट्याच त्या नावानं हाक मारायच्या. एवढं वाचलं आणि मी ते बंद केलं.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये बशीर सरांनी सगळ्यांसमोर विचारलं. सगळ्यांसमोर, हेच ना! असेंबलची आणि व्हायरसची ती गोष्ट मी तोवर शाळाभर रंगवून सांगितली होती. हेडमास्तर माझ्याच शब्दावर शाळेसाठी नवे, कंपनीचे कॉम्प्युटर मागवणार होते. फाँट नव्हता हो, मीच चुकलो — केवढंसं वाक्य आहे? मी म्हणालो, यातही व्हायरस आहे, सर. बिलकुल काही निघणार नाही.

त्यांनी फ्लॉप्या एकदा हातात घेतल्या आणि मला परत दिल्या. मग म्हणाले, "मंग तोडून टाका सर. दुसऱ्याच्या मशीनला कशाला लागू द्यायचं."

आणि मी तोडल्या. तिथंच, टेबलाच्या कडेवर वाकवून, आतली काळी चकती ओढून काढून. मनात होतं की ते थांबवतील. खरंच होतं का? का आता जोडतोय? एक पुरावा मिटला म्हणून त्या क्षणी मला हलकं वाटलं होतं, हे मात्र पक्कं आठवतं.

पुढचं ऐका. शब-ए-बरातला त्यांच्याकडे घरातल्या गेलेल्यांची नावं घेऊन फातिहा देतात. पहिल्या दोघींची नावं बशीर सरांना ठाऊक होती. तिसरीचं नव्हतं. अम्मांनी असं नाव ठेवलंय की तुम्हाला सुचणारसुद्धा नाही, असं भाभी हसत म्हणाल्या होत्या, तेवढंच त्यांना माहीत. म्हणून ते अम्मांच्या खाटेशी बसून मुलींची नावं घ्यायचे. फातिमा? हलीमा? रुकय्या? अम्मांना लिहिता येत नव्हतं, मान तेवढी हलवता यायची. प्रत्येक नावाला ती ‘नाही’ अशीच हलायची. मोहल्ल्यातली नावं संपली, नात्यातली संपली. हे ते मला शाळेत सांगायचे आणि मी ऐकून घ्यायचो. ते नाव त्यांच्या यादीत येणारच नव्हतं. मला ते ठाऊक होतं. नदीवरून काही ठेवलं असेल, विचारून तर बघा — सहज म्हणून एवढं सुचवता आलं नसतं? पण तुम्हाला कसं सुचलं, असं त्यांनी विचारलं असतं तर? या एका भीतीपायी मी गप्प राहिलो, आणि अम्मा तीन वर्षं मान हलवत राहिल्या. मग गेल्या.

अम्मांचा चाळिसावा दिवस झाल्यावर बशीर सर ओट्यावर आले. रविवार होता. एकाला कोणता फोन घ्यावा हे मी सांगत होतो, तो उठून जाईपर्यंत ते कडेला बसून राहिले. मग म्हणाले, "अम्माच्या तिसरीला बिननावाचं कुठवर ठिवू, सर? शब-ए-बरात जवळ आली. माझं तं डोकंच चालून न्हाई राह्यलं. तुमीच एक नाव सांगा. तुमचं बोलणं बराबर असतं."

ते नाव माझ्या तोंडात होतं. हीच वेळ होती, आणि समोर दुसरं कुणी नव्हतं. माझी लाज बघायलाही कुणी नव्हतं, त्यांच्याशिवाय.

मी चहाचा घोट घेतला. जरा थांबलो.

जमीला, म्हणालो.

त्यांना ते फार आवडलं. माझा हात दोन्ही हातांत धरून ते गेले. अजूनही नवा फोन घ्यायचा असला की ते मला विचारतात. आणि दर शब-ए-बरातला त्यांच्या घरी तिन्ही बहिणींसाठी फातिहा होते, त्यातली तिसरी जमीलाची. त्या घरात जमीला नावाचं कुणी कधी जन्मलंच नव्हतं.