फोटोंच्या खाली प्रवेश अर्ज

मालकांनी अंगठ्याने मोबाइलवरचं पान वर सरकवलं. पुन्हा सरकवला. मग चष्मा कपाळावर चढवून मोबाइल डोळ्यांजवळ नेला.

"ओ मॅडम, यात मी कुठाय?"

"खाली आहात. अजून थोडं सरकवा."

"अजून खाली?"

बैठकीतलं बोलणं थांबलं. बाकीच्या विश्वस्तांनीही आपापले मोबाइल काढले आणि प्रत्येक जण स्वतःला शोधू लागला.

ही बैठक मुलींच्या वसतिगृहाच्या ट्रस्टची होती. खेड्यातून सोलापूरला शिकायला येणाऱ्या मुलींसाठी हे वसतिगृह आहे. मालक हे उपाध्यक्ष. त्यांच्या वडिलांनी जागा दिली. अध्यक्षांना सगळे अप्पा म्हणतात. त्यांनी इमारत बांधून दिली. जागा मोठी की इमारत, हा वाद दोघांमध्ये कधी उघड झालेला नाही आणि कधी मिटलेलाही नाही.

मी वेबसाइट तयार करते. त्याआधी एका दैनिकात पानं लावायचं काम केलं. भवानी पेठेत शाळेचे युनिफॉर्म शिवणारा एक कारखाना आहे, त्याच्या वर माझं ऑफिस आहे. ट्रस्टचं काम सरळ होतं. प्रवेशाचा अर्ज मोबाइलवरून भरता यावा, मराठीत आणि कन्नडमध्ये. तोपर्यंत पालक एकदा अर्ज न्यायला आणि एकदा द्यायला एसटीने सोलापूरला येत. कन्नडची सूचना सचिव हत्तुरे सरांची. ते निवृत्त मुख्याध्यापक. अक्कलकोटकडच्या बऱ्याच मुली कन्नड शाळेत शिकतात, आई-वडिलांना तर मराठी वाचताच येत नाही, हे त्यांना माहीत होतं.

ट्रस्टकडे कन्नड मजकूर होता, पण छापखान्यात टाइप केलेला. छपाईचे जुने फॉन्ट ज्या कम्प्युटरमध्ये बसवलेले असतात तिथेच अक्षरं दिसतात. दुसरीकडे नुसती चिन्हं उमटतात. म्हणून सगळा मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करून घेतला. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक. मोबाइल कोणताही असो, अक्षर तेच दिसतं.

कोणतीही साइट मी तयार झाल्यावर स्वस्त फोनवर तपासते. खालच्या कारखान्यात महादेवी कॉलर लावायचं काम करते. तिची भाची भाग्यश्री तेव्हा गावाहून आली होती. अक्कलकोटच्या पुढचं गाव, शिक्षण कन्नड शाळेत. फार्मसी डिप्लोमाला तिचा नंबर लागला होता. वडिलांनी अट घातली होती. वसतिगृहात जागा मिळाली तरच कॉलेज. प्रॅक्टिकल सुटेपर्यंत गावाकडची शेवटची एसटी गेलेली असते आणि पाहुण्यांच्या, म्हणजे महादेवीच्या, एका खोलीत पोरगी ठेवायची नाही, असं त्यांचं म्हणणं.

तिच्या हातात वडिलांचा, काच तडकलेला फोन होता. जिन्यात उभी राहूनच तिने साइट उघडली.

"अत्ती, कन्नडदाग ऐति!" ती आत्याला म्हणाली. कन्नडमध्ये आहे.

नमुन्याचा अर्ज तिने कोणाला काही न विचारता भरला.

"ताई, खरा अर्ज पण असाच असतोय का?" महादेवीने विचारलं.

"असाच. सुरू झाला की हिरवं बटण दिसेल. ते दाबायचं."

बैठकीपर्यंत सगळं एवढं सोपं होतं.

विश्वस्तांचे फोटो मी वेगळ्या पानावर ठेवले होते. ते पहिल्या पानावर हवेत, असा निरोप आला. ठेवले. कम्प्युटरवर ते एका ओळीत बसले. मधोमध अप्पा, त्यांच्या शेजारी मालक, दोन्ही बाजूंना बाकीचे. फ्लेक्सवर असतात तसे. मोबाइलची रुंदी कमी. रिस्पॉन्सिव्ह साइट पडद्याच्या मापाप्रमाणे स्वतःची मांडणी बदलते. आडवी ओळ मावली नाही, की एकाखाली एक रचते. रचताना डावीकडून सुरुवात करते. अगदी डावीकडे होते ट्रस्टमध्ये नुकतेच आलेले एक औषध दुकानदार. ते सर्वांत वर गेले. अप्पा मध्ये. मालक त्यांच्या खाली.

"ह्यो कधीपासून अध्यक्ष झाला?" अप्पांनी दुकानदारांकडे बघून विचारलं. दुकानदारांनी मोबाइल खिशात ठेवला.

"अप्पांना वर घेता येईल," मी म्हणाले. "त्यांच्या खाली मालक."

"खाली?" मालक म्हणाले. "माझ्या बापाच्या जागेवर उभं राहून मी ह्यांच्या खाली?"

"मग तुम्ही घ्या की वर. इमारत पण तुमीच बांधली म्हणून लिवा," अप्पा म्हणाले.

"फोटो बोटाने बाजूला सरकवता येतील असे करते. एका वेळी एक दिसेल."

"म्हंजे सरकवल्याशिवाय मी दिसणारच न्हाय?" मालकांनी विचारलं.

"फोटो वेगळ्या पानावरच राहू दिले तर? मुलींना इथे अर्ज हवा असतो."

चहा आला. हत्तुरे सरांनी विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. अर्ज यंदापासून फक्त ऑनलाइन घ्यायचे, कागदी अर्ज बंद, हा ठराव मात्र त्याच बैठकीत एकमताने झाला.

पुढची बैठक झाली नाही. तोडगा दुसऱ्याने काढला. ट्रस्टचे वाढदिवसाचे आणि श्रद्धांजलीचे फ्लेक्स करणारा एक डिझायनर आहे. सरांनी त्याला साइटचा पासवर्ड दिला. त्याने कम्प्युटरवरच्या पानाचा फोटो काढला, त्याला झालर लावली आणि तो एकच फोटो मोबाइलवरचं पहिलं पान म्हणून चढवला. आता मोबाइलवरही सगळे एका ओळीत होते. वर कोणी नाही, खाली कोणी नाही. चेहरे तुरीच्या डाळीएवढे. तो फोटो व्हॉट्सअॅपवर फिरला. अप्पांनी आणि मालकांनी दोन बोटांनी मोठा करून आपापला चेहरा पाहिला आणि मंजुरी दिली.

हिरवं बटणही त्या फोटोत आलं होतं. कन्नडचं बटणही. दोन्ही चित्रं होती. चित्रातलं बटण दाबता येत नाही.

मला हे कळलं ते महादेवी जिना चढून वर आली तेव्हा. मागे भाग्यश्री, हातात तोच फोन.

"ताई, बटण लागंनाच झालंय बघा. लई डाव दाबलं म्हणती पोरगी."

मी फोन घेतला. बटण दाबलं. काही झालं नाही. पान मोठं करून पाहिलं, तेव्हा अक्षरांच्या कडा फाटल्या. मग प्रकार लक्षात आला.

"आधी का नाही सांगितलं?"

भाग्यश्री म्हणाली, "नेट न्हाय म्हणून असंल वाटलं. मोबाइलच्या दुकानात दाखवलं. तो म्हणला सर्व्हर डाऊन हाय, नंतर बघ. वडील म्हणले तुलाच येत न्हाय."

आत्याला तिने फोन केले होते. पण शाळा उघडल्यावरही काही आठवडे युनिफॉर्मचा हंगाम असतो, काम रात्री उशिरापर्यंत चालतं. कारखान्यात कामावर फोन घेऊ देत नाहीत. अर्जाची मुदत आदल्या दिवशी संपली होती.

आम्ही तिघी ट्रस्टच्या कार्यालयात गेलो. हत्तुरे सर कम्प्युटरसमोर होते.

"मुदत संपली की बाळ," ते म्हणाले.

"सर, बटण लागत नव्हतं."

"असं कसं? हे बघ, चालतंय की." त्यांनी माउसने हिरवं बटण दाबलं. कम्प्युटरवर अर्ज उघडला.

मी माझा मोबाइल त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी बटण दाबलं. मग बोट शर्टाला पुसून पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा दाबताना त्यांचं बोट औषध दुकानदारांच्या चेहऱ्यावर पडलं.

"मोबाइलवरून किती अर्ज आले?" मी विचारलं.

सरांनी कम्प्युटरवर यादी उघडली. जे अर्ज आले होते ते शहरातल्या सायबर कॅफेतून आले होते.

"खोल्या रिकाम्या हायत का सर?" महादेवीने विचारलं.

"आहेत. वरचा मजला रिकामाच आहे."

"मग घ्या की हिला. हितंच बसून लिहून देती ती."

"कागदी अर्ज घेता येत नाही बाई. ठराव झालाय. मुदत वाढवायची तर बैठक घ्यावी लागेल."

"मग बैठक घ्या," मी म्हणाले.

सर खुर्चीत मागे टेकले. "अप्पा बसले तर मालक येत नाहीत. मालक येणार म्हटलं की अप्पा पुण्याला जातात. तुमच्या त्या फोटोंपासून हे चाललंय."

"फोटो आता एका ओळीत आहेत ना?"

"आहेत. पण अप्पा मधे आहेत, असं मालकांचं म्हणणं आहे."

भाग्यश्री भिंतीवरच्या फ्रेमकडे बघत होती. तिथेही तेच फोटो, त्याच क्रमाने. सरांनी तिचं नाव एका चिठ्ठीवर लिहून ती टेबलाच्या काचेखाली सरकवली. बैठक झाली तर कळवतो, म्हणाले. महादेवीने वाकून नमस्कार केला. खाली रस्त्यावर आल्यावर ती म्हणाली, "कळवत्यात व्हय? न्हाय कळवत."

मी त्या दिवशी मोबाइलचं पान पूर्ववत केलं. दुसऱ्या दिवशी झालरवाला फोटो परत चढलेला होता आणि माझा पासवर्ड चालत नव्हता.

बैठक कॉलेज सुरू झाल्यानंतर झाली. वरच्या मजल्यासाठी ग्रामीण भागातून प्रतिसाद आला नाही, अशी नोंद तिच्या इतिवृत्तात झाली. कन्नड पानाची गरज नसल्याचंही ठरलं, कारण त्यावरून एकही अर्ज आला नव्हता. भाग्यश्रीने तोवर कॉलेजचा प्रवेश रद्द केला होता. ती गावी आहे. पुढच्या वर्षी परत भरणार म्हणते, असं महादेवीने जिन्यात सांगितलं. तिचे वडील काय म्हणतात, असं मी विचारलं.

"फोन काढून घेतलाय तिच्याकडचा," महादेवी म्हणाली आणि कामावर गेली.

त्यानंतर कोणतंही काम घेताना मी भाषा किती, मजकूर किती, हे नंतर विचारते. पहिला प्रश्न फोटो किती जणांचे, हा असतो. उत्तर मिळालं की बटण सगळ्या फोटोंच्या वर ठेवते आणि ते तिथेच राहील, असं करारात लिहून घेते. यामुळे काही कामं हातची गेली. ती बहुतेक संस्थांचीच होती.