डोक्यावर हात ठेवलेली राक्षसीण

दर रविवारी पापडी गावातल्या एका चिकूच्या वाडीत आम्ही दहा-बाराजण खेळायला जमायचो. कोणी राजा व्हायचं, कोणी योद्धा, आणि फोमच्या तलवारींनी लढत तीन तास एक गोष्ट जगायची. मी मात्र कायम राक्षसीण. उंच, जाडी, काळी. मला दुसरं काय देणार? विरारहून निघण्याआधी मी आरशासमोर तासभर हिरवा रंग फासायचे, थर्माकोलची शिंगं बसवायचे. वाईट दिसायचंच आहे, तर निदान मेहनतीने दिसावं ना!

आमचा एक नियम होता. मेलेल्याने डोक्यावर हात ठेवून बाजूला बसायचं आणि शंभर मोजून पुन्हा उठायचं. हात डोक्यावर असेपर्यंत तो माणूस तिथे नाहीच असं धरायचं.

त्या रविवारी मी अशीच मरून झाडाखाली बसले होते. मला या खेळात आणणारी माझी कॉलेजची मैत्रीण आमची राणी होती. माझ्यापासून दोन हातांवर उभी राहून ती एका योद्ध्याला म्हणाली, "हिला रंग कशाला लागतो रे? नुसते दात लावले असते तरी चाललं असतं." दोघं खूप हसले.

माझे बेचाळीस मोजून झाले होते. मसणात गेला तो नियम, म्हटलं, आणि हात खाली घेतला. आता मी त्यांना दिसायला हवी होते. तिने माझ्याकडे एकदा बघितलंसुद्धा. मग पुढचं बोलत राहिली.