धनीबाईचे रडणे

यवतमाळहून निघणाऱ्या एका साप्ताहिकाने मागच्या दिवाळीच्या सुमाराला धनीबाईविषयी पाच-सहा ओळी छापल्या. त्यांत तिचे नाव नव्हते, 'एक धिप्पाड लमाण स्त्री' एवढेच होते. धनीबाई माझ्या खांद्याला लागते आणि अंगाने काडीसारखी आहे. त्या ओळी जिल्हाभर वाचल्या गेल्या. मी लिहिते आहे ते किती जण वाचतील हे मला माहीत नाही. पण ती कोण आहे हे कुठेतरी नीट लिहिलेले असावे, म्हणून बेबी झोपल्यावर कंदील घेऊन बसले आहे. दाराची कडी मघाशी पाहिली होती. आता पुन्हा पाहून आले.

आमचे गाव पुसदच्या रस्त्यावरचे, बाजाराचे. माझे यजमान इथल्या हायस्कुलात हेडमास्तर. मी अमरावतीला कॉलेजात शिकले आणि बी. ए. होऊन या गावात आले. नव्या बिऱ्हाडात चूल पेटवायला लाकूड नव्हते, तेव्हा फाटकाशी मोळी घेऊन उभी राहिली ती धनीबाई. काचा लावलेली चोळी, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्यांचे बलोये, आणि डोक्यावर तिच्याहून मोठी मोळी. तिने भाव सांगितला, मी पैसे काढून दिले. ती जागची हलेना.

"भाव नाही करत काहून, बाई? आता घरी जाऊन सांगू काय मी?"

मग आम्ही दोघींनी उगाच थोडी घासाघीस केली आणि ती खूश होऊन गेली. तिचा तांडा नाल्यापलीकडे मैलभरावर. नवरा किसनसिंग कोरडवाहू शेती करतो आणि बोलत नाही. "बोलाचं काम त्यानं लग्नातच मले देऊन टाकलं," असे ती सांगते.

बेबी झाली आणि मला विषमज्वराने धरले. दूध आटले. वरचे दूध बेबीला पचेना. धनीबाईचा धाकटा तेव्हा अंगावर पीत होता. ती मोळी टाकून आत आली, हात धुतले, आणि कोणाला न विचारता बेबीला उचलून पदराखाली घेतले. दीड महिना ती उन्हातान्हाची येत राहिली. माझ्या सासूबाईंना हे अजून ठाऊक नाही. हे लिहिणे त्यांच्या हाती पडले तर कळेल.

बरी झाल्यावर मी माहेरी गेले आणि चार महिन्यांनी परतले. टांग्यातून उतरते तोच धनीबाई माझ्या गळ्यात पडली आणि मोठ्याने रडू लागली. नुसती रडली नाही, सुरात रडली. एक ओळ म्हणायची, हुंदका द्यायचा, पुन्हा ओळ. शेजारच्या कंपाउंडरीणबाई कणकेच्या हातांनी धावत आल्या.

"कोण गेलं हो?"

धनीबाईने ओढणीने डोळे पुसले. "कोणी नाही गेलं वं. आली आहे."

मग तिने मला समजावले. गोरमाटी, म्हणजे लमाण, बायका बऱ्याच दिवसांनी आपल्या माणसाला भेटल्या की गळ्यात पडून अशा रडतात. मधल्या काळात काय झाले, कोण मेले, कोणाला मूल झाले, म्हैस व्याली की नाही, सगळे त्या रडण्यात सांगून होते. "कोराच्या गळ्यात आम्ही नाही पडत," ती म्हणाली. कोर म्हणजे तांड्याबाहेरचे.

"मग मी कोण?"

"तुमची पोर माह्या दुधाची. तुम्ही कुठून आल्या बाहेरच्या?"

तिची थोरली जमनी. बेबी चार वर्षांची झाली त्या पावसाळ्यात जमनीचे लग्न ठरले, तशी आईने तिला रडायला शिकवायला घेतले. नवरीला प्रत्येक नातलगाच्या गळ्यात पडून त्याच्या त्याच्या नावाने रडावे लागते. मामाचे वेगळे, मावशीचे वेगळे. मी लाकडे मोजून घेत असे आणि त्या दोघी परसात पेरूच्या झाडाखाली बसून रडत. मधेच जमनीला हसू फुटे.

"रडणंही शिकवावं लागतं का गं?" मी विचारले.

"तुमच्यात नाही शिकवत, म्हणून तर तुमच्या पोरी जाताना नुसत्या नाक पुसतात."

बेबी त्यांच्यात बसून अर्धेअधिक शिकली होती. बाहुलीला कवेत घेऊन ती तशी रडायची.

त्याच पावसाळ्यात त्या साप्ताहिकात मुले पळवणाऱ्या टोळीच्या बातम्या येऊ लागल्या. कुठे नदीवर पूल बांधत होते, त्याच्या पायात म्हणे मुले पुरणार होते. मी त्या बातम्या जेवताना मोठ्याने वाचून दाखवी. टोळीच्या म्होरक्याला एका अंकात दाढी होती, पुढच्या अंकात नव्हती. पळवलेल्या मुलाचे नाव, गाव, बाप, काहीच कधी नसे. "आठवड्यात दाढी काढली असेल," यजमान म्हणायचे. मी कंपाउंडरीणबाईंना समजावले होते, "असलं काही नसतं, पेपर खपवायच्या युक्त्या आहेत." त्या मान हलवायच्या आणि पोरांना घरात कोंडायच्या.

दसऱ्यानंतरच्या बाजारदिवशी बेबी शाळेच्या शिपायाबरोबर बाजारात गेली आणि शिपाई एकटा परत आला. "होती न बाई, आत्ता इथं होती," एवढेच तो म्हणत राहिला. मी चप्पल न घालता बाजारात गेले. भाजीवाल्या, बांगडीवाला जफर, सगळ्यांना विचारले. एका पोत्याच्या व्यापाऱ्याने सांगितले, "मोटारस्टँडवर लमाणी बायका मोठ्यानं रडत होत्या. मधात एक फ्रॉकवाली पोरगी होती. मग बैलबंडीत घालून नेली तिले."

खरे काय ते त्या क्षणी मला कळायला हवे होते. बायका रडत होत्या म्हणजे कोणीतरी भेटले होते. एवढे तर साऱ्या गावात मला एकटीलाच माहीत होते. पण माझ्या डोक्यात पूल आला. त्या पुलाचे पाये मी कधी पाहिले नव्हते, तरी मला ते दिसले.

पोलीस ठाण्याचे पंजाबराव जमादार तिथेच पानठेल्यावर होते. त्यांनी खिशातली वही काढली. "लमाणी बायकांत कोणी ओळखीची?"

"आमच्याकडे धनीबाई येते."

"तिच्यावर संशय?"

"आहे," मी म्हणाले.

ऊन उतरायच्या आत बेबी परत आली, धनीबाईच्या कडेवर. तोंडाला गूळ लागलेला, डोक्यावर आरसे लावलेला कापडाचा तुकडा. पैनगंगेपलीकडून धनीबाईचा भाऊ बाबुलाल आणि भावजय बऱ्याच वर्षांनी आली होती, जमनीच्या लग्नाची पुढची बोलणी करायला. मोटारीतून उतरल्या उतरल्या नणंद-भावजयी गळ्यात पडल्या. धनीबाईला रडताना पाहून बेबी शिपायाचा हात सोडून तिच्याकडे धावली आणि मग सोडीना. धनीबाईने चहाच्या हॉटेलातल्या माणसाजवळ निरोप ठेवला, "मास्तरीणबाईले सांगा, पोर माह्याकडे जेवाले नेली." बाजाराच्या गर्दीत तो विसरला.

हे सगळे ती मला हसत सांगत होती. तोवर पंजाबराव तांड्यावर पोचले होते, हे तिला माहीत नव्हते. मला माहीत होते. मी बेबीला तिच्या कडेवरून ओढून घेतले आणि आत गेले.

किसनसिंगला दोन दिवस ठाण्यात ठेवले. तो तिथेही बोलला नाही, आणि न बोलणारा माणूस लबाड असतो असा तिथे समज आहे. मी जाऊन सांगितले, मुलगी घरी आहे, सगळी माझीच चूक. त्याला सोडले. पण त्या दिवसापासून पंजाबराव दिवेलागणीला तांड्यावर जाऊ लागले. घरात कोण आहे, कोण नाही, पाहुणा कोण, कुठला, किती दिवस राहणार, चुलीवर काय शिजते आहे. किसनसिंगच्या बापाला जन्मभर अशीच हजेरी होती. तो गुन्हेगार जमातींचा कायदा गेला असे आम्ही वाचले होते.

मी पंजाबरावांना घरी चहाला बोलावले. "आता बंद करा ना हे."

"बाई, नाव चढवणं माह्या हातात. उतरवणं वरचं काम." चहा बशीत ओतून ते म्हणाले, "आणि तुमच्याबी घरची थोडी चौकशी करा लागते. पोरीले लमाणीनचं दूध पाजलं म्हणतात, खरं काय? हेडमास्तरांचं अन् तुमचं भांडण गिंडण?"

कंपाउंडरीणबाईंना त्यांनी आधीच विचारले होते. मी त्यांच्यावर रागावू शकले नाही. मला विचारले तेव्हा मी काय सांगितले होते?

पुढच्या आठवड्यात बातमी आली. 'बालिकेस पळविण्याचा डाव फसला.' धिप्पाड स्त्री, झाकलेली बंडी, पोलिसांनी पाठलाग करून केलेली सुटका. आजवर मी हसत होते त्या साऱ्या बातम्या अशाच जन्मल्या असतील, हे तेव्हा कळले. प्रत्येकीच्या मुळाशी माझ्यासारखी एक आई उभी असेल.

मी एस.टी.ने यवतमाळला गेले. संपादक सभ्य होते. त्यांनी खुर्ची दिली, पाणी मागवले.

"खुलासा छापू की. पण बाई, खुलासा वाचतो कोण? मुलीचा फोटो आहे का तुमच्याकडे?"

मी दिला नाही. खुलासा मात्र छापून आला: 'सदर बालिका सुखरूप असून तिच्या मातेने आमच्या कचेरीत येऊन अश्रू ढाळले. तपास चालू आहे.' मी तिथे रडले नव्हते.

बाबुलाल आणि त्याची बायको परत गेली होती. त्यांनी निरोप पाठवला की लग्नाला येणे जमणार नाही. तिकडच्या ठाण्यातून कोणी त्यांच्या दारात येऊन विचारून गेले होते. मग मावशीचा निरोप आला, मग आत्याचा. जो तांड्यात पाय ठेवील त्याचे नाव लिहिले जाते, हे नदीपलीकडे पोचले होते. मामा नाही, मामी नाही, आणि जमनीला त्यांची रडणी तोंडपाठ.

धनीबाई लाकडे आणीत होती, पण मोळी फाटकाबाहेर टाकून पैसे घेऊन जाई. भाव करीत नव्हती. एकदा मी पुढे होऊन म्हटले, "धनीबाई, माझं चुकलं."

"तुमची पोर होती, बाई," ती म्हणाली. "मी बी घाबरली असती." आणि चुंबळ झटकून गेली. तिने मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

मी सुधारले म्हणावे तर तेही नाही. रोज संध्याकाळी बेबीला विचारते, कुठे गेली होतीस, कोणाबरोबर, काय खाल्लेस, कोणी दिले. परवा ती म्हणाली, "आई, जमादारासारखं काय विचारतेस?"

जमनीचे लग्न माघात झाले. आमंत्रण नव्हते, तरी मी बेबीला घेऊन गेले. यजमान म्हणाले, "जाऊ नकोस, त्यांना अवघड होईल." त्यांचेच खरे होते. तांड्याच्या तोंडाशी लिंबाखाली बाजेवर पंजाबराव बसले होते, पुढ्यात लापशीची थाळी, मांडीवर वही. पाहुणे फार नव्हते. जे होते ते त्यांच्यासमोरून मान खाली घालून जात.

जमनीला सजवलेल्या बैलाच्या पाठीवर उभे केले. तिने हात वर करून तांड्याचा निरोप घेणारे गाणे म्हटले. मग ती उतरली आणि एकेकाच्या गळ्यात पडू लागली. बापाच्या पडली. किसनसिंगचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला, तोही रडण्याचा. मग धाकट्या भावाच्या, दोन म्हाताऱ्यांच्या, शेजारणींच्या. रांग लवकर संपली. तिला मामाचे रडणे येत होते आणि ते कोणाच्या गळ्यात पडून रडावे ते कळत नव्हते, म्हणून ती जराशी उभी राहिली. तेवढ्यात तिला मी दिसले. माझे हात आपोआप पुढे झाले.

जमनी माझ्यासमोर आली, ओढणी सारखी केली आणि वाकून माझ्या पायांना हात लावला. मग पुढे गेली.

बाजेवरून पंजाबराव म्हणाले, "बाई, आल्याच आहात तर तुमचंबी लिहून घेतो. नियम आहे. नाव मले ठाऊक आहे. घरच्यांशी नातं काय लिहू?"

बेबी माझा हात सोडून धनीबाईच्या घागऱ्याला बिलगली होती. मी धनीबाईकडे पाहिले. मला सांगायचे होते, आणि काय सांगावे हे मला ठाऊक होते, पण ते शब्द माझे नव्हते. ते तिने मला एकदा टांग्यापाशी दिलेले होते.

"लाकडाचं गिऱ्हाईक," धनीबाई म्हणाली. "लिहा."

मला वाचवण्यासाठी तिने तसे सांगितले, असे यजमानांचे म्हणणे आहे. तसेही असेल. पंजाबरावांनी लिहिले. मग धनीबाईने बेबीची बोटे घागऱ्यावरून एकेक करून सोडवली आणि तिचा हात माझ्या हातात दिला.